लुगड्याचं शीड

आईचं हिरवं लुगडं वाऱ्यानं गच्च फुगलेलं आहे, त्याच्या विटक्या काठातून सकाळचं कोवळं ऊन झिरपत खाली उतरतंय, आणि त्या हिरवट उजेडात बाबा बसले आहेत — दोन्ही पाय एका अंगाला दुमडलेले, हातात सुकाणूचं वल्हं, आणि चेहऱ्यावर लाज वाटावी इतकं हसू... डोळे मिटले की मला आधी हेच दिसतं. मग नाकात पाण्याचा वास भरतो. शेवाळाचा, चिखलाचा, उन्हानं तापलेल्या लाकडाचा आणि त्या लुगड्यात कायमचा मुरलेल्या चुलीच्या धुराचा. आणि मग मी डोळे उघडते.

वाऱ्याविषयी लोक फार गोड लिहितात. झुळूक काय, लहर काय! लिहू देत बापडे. मला वाऱ्याचा राग येतो. त्याला मन नाही, मत नाही, तो नुसता एका दिशेला जात असतो, आणि माणसाचं घर नेमकं दुसऱ्या दिशेला असतं.

आमचं गाव बालाघाटहून राजेगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, चिकटून वसलेलं. आम्ही ढिवर, पाण्यावर पोट भरणारे, भंडाऱ्याकडून कधीकाळी इकडे येऊन राहिलेले. शाळा हिंदीतली, बाजार हिंदीतला, आणि चुलीपुढचं भांडण तेवढं मराठीत. तलावात आमचे शिंगाडे. आषाढात रोपं लावायची, श्रावणात वेली पसरू लागायच्या आणि भादव्यापर्यंत पाणी दिसेनासं व्हायचं... नुसती हिरवी, तांबूस कडांची पानं, मध्ये पांढरी इवलाली फुलं, आणि पानांखाली शिंगं रोखून बसलेली फळं. ती तोडून तोडून आईच्या बोटांची टोकं हिवाळाभर काळी असायची. मडक्यात शिंगाडे उकडायला लागले की घरभर एक मातकट, गोडसर वाफ फिरायची. अजूनही कुठल्या गाडीवर उकडलेले शिंगाडे दिसले, की मी रस्ता बदलते.

तलावाचं पाणी सगळ्या ढिवरांचं होतं, पण प्रत्येक घराचा वाटा वेगळा, आणि त्या वाट्याच्या टोकाला घराचा खुंटा — चिखलात रोवलेला एक बांबू. सगळे खुंटे पूर्वेला. गाव आणि पाळ पश्चिमेला. आपल्या खुंट्यापर्यंत जाण्यासाठी वेलींमधून एक सरळ पट्टा मोकळा ठेवलेला असायचा. होडीला आम्ही डोंगा म्हणतो, म्हणून त्याला डोंगावाट म्हणायचे. भादवा संपता संपता पहिला तोडा व्हायचा. त्या दिवशी घरच्या कर्त्या पुरुषानं एकट्यानं डोंगा घेऊन आपल्या खुंट्यापाशी जायचं, टोपलीभर शिंगाडे तोडायचे आणि परत पाळीवर येऊन शेंदूर फासलेल्या दगडापुढे ठेवायचे. जाणंही स्वतःचं, येणंही स्वतःचं. दुसऱ्याचा हात लागला तर खुंटा गेला. ज्या भाऊबंदानं हात लावला, त्याच्याकडे गेला. का, तर पूर्वी म्हणे गावचे मोठे लोक कागदावर पाणी घ्यायचे आणि ढिवरांना मजुरीला ठेवायचे. म्हणून जो स्वतः पाण्यात उतरेल त्याचंच पाणी. नियम चांगला होता हो... तेच तर वाईट झालं. वाईट नियमाशी निदान भांडता येतं.

त्या वर्षी माघात बाबा सांडव्याच्या ओल्या दगडावरून घसरले. कमरेचं हाड मोडलं. जुळलं, पण तिरपं जुळलं. काठीच्या आधारानं अंगणापर्यंत यायचे, बसायचे, पण दोन्ही पाय रोवून उभं राहणं संपलं. आणि डोंगा चालतो तो उभ्या माणसाच्या जोरावर. मागच्या टोकाला उभं राहायचं, लांब बांबू तळाच्या चिखलात रोवायचा आणि सगळं अंग त्यावर टाकून रेटायचं. बसून वल्हं मारावं म्हटलं, तर वेलींच्या पाण्यात वल्हं फिरत नाही. दोन हात मारले की त्याच्याभोवती वेल गुंडाळली जाते. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. आई लावणी करायची, निंदायची, तोडायची, बाजारात विकायची. पण खुंट्याला बाई चालत नव्हती. म्हणजे भादव्यात बाबा एकटे जाऊन आले नाहीत, तर आमच्या घराचं पाणी जाणार होतं. ही गोष्ट घरात कोणी उच्चारत नव्हतं, आणि त्या न बोलण्यानं घर नुसतं कोंदून गेलं होतं.

आणि ताई! माझी ताई तेव्हा अकरावीत, विज्ञान शाखेला. वाडीतून विज्ञानाला गेलेली पहिली पोरगी, आणि त्याचा तोरा काय विचारता! पातेलं उकळलं तरी ती कारण सांगायची. एकदा वैशाखातल्या दुपारी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आईला म्हणाली, "माय, तुझं जुनं लुगडं दे."

"काहून व?"

"बाबाले वारा वाहून नेईन."

आईला वाटलं पोरीला ऊन लागलं. तिनं आधी कांदा फोडून हुंगायला दिला.

आमच्या भागात शीड कोणी पाहिलेलं नव्हतं. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की तो खरा आहे हेही पुस्तकावर विश्वास ठेवूनच मानायचं. पण ताईनं एक उभा बांबू डोंग्यात ठोकला, त्यावर आडवा बांबू बांधला, लुगडं ताणलं आणि बाबांना आत बसवलं. वैशाखाचा पश्चिमेचा तापट वारा लुगड्यात शिरला आणि डोंगा निघाला... कोणी न रेटता! मी पाळीवरून धावत होते, आई तोंडाला पदर लावून बघत होती. वारा पाठीशी घेऊन जाणं सोपंच होतं. वाळलेलं पानही जातं. बाबा थेट पलीकडच्या काठाला जाऊन लागले. आणि मग लागलेच तिथे. परत येण्यासाठी लुगडं इकडे वळवा, तिकडे वळवा, डोंगा आपला खेकड्यासारखा आडवा घसरतो आणि पुन्हा त्याच काठाला टेकतो. संध्याकाळी मोतीराम काका, बाबांचे धाकटे भाऊ, आपला डोंगा घेऊन गेले आणि त्यांना ओढून घेऊन आले.

"दादा, सासुरवाडीले गेलता का गा?" काका हसत म्हणाले. बाबाही हसले. तेव्हा हसता येत होतं, कारण अजून वेळ होता.

ताई मात्र दोन दिवस जेवली नाही धड. मग एका दुपारी आम्ही वैनगंगेच्या वाळूतलं टरबूज खात बसलो होतो, आणि ती मला म्हणाली, "हे बी चिमटीत धर. दाब." मी ओली, काळी, गुळगुळीत बी अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबली, ती सुर्रकन निसटून पुढे, थेट आईच्या कपाळावर. "पाह्यलं? तू डावीकडून दाबलं, उजवीकडून दाबलं. ते गेलं कुठं? समोर." वारा डोंग्याला एका अंगानं दाबतो, पण दुसऱ्या अंगानं दाबायला कोणी नाही, आमच्या डोंग्याचं बूड परातीसारखं सपाट, पाण्याला धरायला त्याच्यात काही नाही, म्हणून तो आडवा घसरतो. पाण्यानं दुसरं बोट व्हायला हवं. त्यासाठी पाण्यात उभी फळी पाहिजे. ती फळी आडव्या घसरण्याला अडवेल, आणि मग डोंग्याला पुढे सुटण्यावाचून इलाज राहणार नाही. शिवाय, ती म्हणाली, वारा लुगड्याला नुसता ढकलत नाही. फुगलेल्या कापडाला वळसा घालून जाताना तो त्याला आपल्याकडे ओढतोही. म्हणून कापड सपाट ताणायचं नाही, त्याला पोट ठेवायचं. मला निम्मं कळलं. बाबांना सगळं कळलं. ते काठी घेऊन उठले आणि गोठ्याच्या जुन्या दाराकडे बघायला लागले.

त्या दाराची फळी डोंग्याच्या कुशीला दोरानं अशी बांधली, की हवी तेव्हा पाण्यात सोडावी, नको तेव्हा वर ओढून घ्यावी. ही युक्ती बाबांची. "येली अडकन त्याच्यात," ते म्हणाले. "उथळ पाण्यात फळी वर घेता आली पायजे." ज्येष्ठ सरला, तलाव भरू लागला, पाणी अजून मोकळं होतं, आणि आम्ही तिघं रोज त्याच्यात. ताई कापड सांभाळायची, बाबा सुकाणू, आणि मी म्हणजे वजन. वारा आडवा लागला की डोंगा एका अंगाला कलायचा, मग ताई ओरडायची, "बबे, सरक!" आणि मी दुसऱ्या कडेला जाऊन बूड टेकायची. माझ्या आयुष्यात माझ्या वजनाची एवढी किंमत पुन्हा कोणी केली नाही.

आणि एके दिवशी डोंगा आला. वाऱ्याच्या समोर, रडतखडत, पण आला! सरळ नाही. वाऱ्याच्या तोंडात सरळ घुसता येत नाही, तसं केलं की लुगडं नुसतं फडफडतं आणि जीव गेल्यासारखं लोंबतं. थोडं डावीकडे तिरपं जायचं, मग वळायचं, मग उजवीकडे तिरपं. "उकव्याची बस घाट कशी चढते?" ताई म्हणाली. "सरळ चढते का? वळणं घेत घेत चढते. तसंच." अशी वळणं घेत, अर्धा तलाव इकडून तिकडे विंचरत, आम्ही पाळीला लागलो तेव्हा आई पाण्यात गुडघाभर शिरून उभी होती, रडत होती आणि आम्हाला शिव्या देत होती.

ते दिवस... काय सांगू! बाबा रोज दाढी करायला लागले. जेवताना मागून घ्यायला लागले. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ताईशी वाऱ्याच्या गप्पा. ताईला ते 'मास्तरीण' म्हणायचे. शेजारची माणसं पाळीवर येऊन बसायची, पोरं टाळ्या वाजवायची, आणि पंचांमधले म्हातारे झिंगरू आजा, जे कधी कोणाला चांगलं म्हणाले नाहीत, ते चिलीम खाली ठेवून म्हणाले, "पोट्टीनं बापाले पाय देल्ले." आईनं त्या दिवशी गुळाचा सांजा केला.

मग श्रावण आला आणि वेली पसरल्या. आईनं आणि ताईनं लावलेली रोपं जोमानं वाढली, पाणी झाकलं गेलं, सराव थांबला. त्याची कोणाला काळजी वाटली नाही, कारण वाऱ्याच्या समोर यायला जमलं होतं. पुरुषांनी नेहमीप्रमाणे डोंगावाटा मोकळ्या केल्या. आमचीही केली, काकांनी आपल्या हातानं.

पहिल्या तोड्याच्या सकाळी वारा छान होता, पश्चिमेचा, एकसारखा. आईनं लुगडं धुऊन इस्त्रीसारखं हातानं ताणून दिलं होतं. सगळे पाळीवर जमलेले. बाकीचे डोंगे बांबू रेटत गेले, बाबांचा डोंगा शीड उभारून गेला, आणि खरं सांगते, त्या दिवशी सगळ्यांत देखणं जाणं आमच्या बाबांचं होतं. सरळ, शांत, हिरव्या पानांच्या मधून हिरवं लुगडं... ते खुंट्याला पोचले. टोपली भरली. वर करून दाखवली. पाळीवर माणसं ओरडली. ताईनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

मग त्यांनी कापड वळवलं, फळी सोडली, आणि डोंगा डावीकडे तिरपा निघाला. दोन हातही गेला नसेल. नाक शेजारच्या वेलीत घुसलं आणि थांबलं. बाबांनी ते सोडवलं, वळले, उजवीकडे तिरपे निघाले. पुन्हा नाक वेलीत. पुन्हा सोडवलं. तेवढ्यात वाऱ्यानं त्यांना मागे रेटून परत खुंट्यावर नेऊन बसवलं. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे...

"वाट," ताई पुटपुटली. "माय... वाट एका डोंग्याची आहे व."

डोंगावाट. एका डोंग्याच्या रुंदीची. बांबू रेटत सरळ जाणाऱ्या माणसाला तेवढीच लागते, म्हणून बापजाद्यांपासून तेवढीच. वळणं घ्यायला जागा लागते, आणि त्या वाटेत वळायला जागाच नव्हती. ही वाट आम्ही जन्मल्यापासून बघत होतो. बाबांनी तिच्यातून आयुष्यभर ये-जा केली होती, काकांनी ती नुकतीच स्वतः साफ केली होती. फळीत वेली अडकतील हे बाबांना सुचलं, ती वर घ्यायचं सुचलं, आणि त्या वाटेची रुंदी आमच्यातल्या एकालाही सुचली नाही. उद्या कोणी विचारलं की तुमच्या दाराची चौकट किती रुंद आहे, तर सांगता येतं का? रोज तर तिच्यातून जातो!

वारा वाहतच होता. ताई एकदम पाण्यात धावली आणि जीव तोडून ओरडली, "येली धरा बाबा! येली धरून ओढा! ओढत या!"

ते जमलं असतं. हाताला येईल ती वेल धरून, ओढून, डोंगा पुढे सरकवत ते आले असते. फक्त दोन्ही बाजूंच्या लोकांचा माल मुळासकट उपटला गेला असता. बाबांनी हात लांब केला. एक वेल धरली. ओढली. पानांचा सगळा जुडगाच पाण्यावर उचलला गेला, खाली लोंबणारी मुळं, हिरवी फळं, सगळं. त्यांनी ते धरून ठेवलं थोडा वेळ... मग हळूच पाण्यात परत ठेवलं. उलटी झालेली पानं तळहातानं सरळ केली. आणि दोन्ही हात मांडीत घेऊन बसून राहिले.

ताई ओरडतच होती. "ओढा नं बाबा! काहून थांबले?" तिचा आवाज फाटला. मला वाटतं, बाबांनी वर बघितलंच नाही ते त्या आवाजामुळे.

मोतीराम काका पाळीवर उभे होते. त्यांचा डोंगा पायाशी. ते हलले नाहीत. ऊन वर आलं, बाकीच्यांच्या टोपल्या दगडापुढे लागल्या, तरी काका हलले नाहीत. शेवटी झिंगरू आजा म्हणाले, "जा रे मोत्या. आन त्याले. किती येळ बसवतं?" आणि काका बांबू घेऊन निघाले, हमसून हमसून रडत. आता हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ते पोचायच्या आत बाबांनी लुगडं उतरवलं, त्याची घडी घातली — आई घालते तशी, काठाला काठ लावून — आणि मांडीवर ठेवली. काकांच्या डोंग्याला दोर बांधून ते आले. पाळीकडे पाठ करून आले.

खुंटा काकांचा झाला. काका वाईट नव्हते. दर तोड्याला आमच्या दारात टोपली ठेवून जायचे. आई उकडायची, आम्ही खायचो, बाबा खात नसत. आई घरं बांधणाऱ्यांच्या हाताखाली जायला लागली, तिच्या बोटांची टोकं आता सिमेंटनं फाटू लागली. ताईनं बारावीची परीक्षा दिली नाही. कोणी जबरदस्ती केली नाही. मास्तर घरी येऊन गेले, आईनं हात जोडले, पण ती म्हणायची, "मले त्या पुस्तकाचा वास नको." वर्षभरात तिचं लग्न झालं, बालाघाटात.

बाबा पुढे पुष्कळ जगले. अंगणात जाळी विणत बसायचे. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. फक्त ताई सासरी निघाली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तरीण, तुझं बरोबर होतं." त्यांना वाटलं असेल, पोरीला धीर येईल. ताई ओटीवर मटकन बसली, आणि जी रडली, जी रडली, की वऱ्हाडी गाडीतून उतरून बघायला आले. चुकलं असतं तर तिनं स्वतःला माफ केलं असतं. बरोबर होतं, हेच तिला सोसलं नाही. मला आज इतक्या वर्षांनीही ते सोसत नाही. देवाशपथ सांगते, माणसानं एवढं नीट समजून घेऊन, एवढं बरोबर करून, वर त्याला हे मिळावं, तर मग समजून घ्यायचं तरी कशाला?

आता तलाव जलकुंभीच्या रानानं भरला आहे. काका गेले, त्यांची मुलं नागपूरला. खुंटे कोणी रोवत नाही, वाटा कोणी काढत नाही. बाबा गेले तेव्हा पाळीवरूनच नेलं. वारा होता की नव्हता, मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात ताईकडे गेले होते. ती ओट्यापाशी मेथी निवडत होती, मी तिला मदत करत होते. तिची लेक अकरावीला आहे, विज्ञानालाच. मराठी तिला समजते, बोलते हिंदीच. पुस्तक घेऊन ती दारात येऊन उभी राहिली.

"मम्मी, ये समझ में नहीं आ रहा... नाव हवा के उल्टी तरफ कैसे जाती है?"

मी ताईकडे बघितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"नहीं जाती," ती म्हणाली.

"अरे, लेकिन किताब में तो लिखा है..."

"किताब में जाती होगी, बेटा," ताई म्हणाली, आणि पुढची जुडी सोडायला घेतली.